पहिल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी जीपीएस घड्याळ घ्यावे की सायकल कॉम्प्युटर?

टेकडीवाली

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहते, वय ४७ आहे आणि गेली तीन वर्षे नियमितपणे सायकल चालवते. आठवड्यातले चार दिवस सकाळी वेताळ टेकडीवर चालणे होते आणि शनिवार-रविवार सायकलसाठी राखून ठेवलेले असतात. सायकल हायब्रिड प्रकारची असून टायर ७०० गुणिले ३२ मापाचे आहेत. येत्या हिवाळ्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करावी असे मनात आहे. त्यानिमित्ताने जीपीएस घड्याळ घ्यावे की हँडलबारवर लावायचा सायकल कॉम्प्युटर घ्यावा, याचा निर्णय होत नाही.

आतापर्यंतच्या सर्व नोंदी मोबाइलवरील स्ट्रावा या अ‍ॅपमध्ये आहेत. मोबाइल जर्सीच्या मागच्या खिशात असल्यामुळे चालवताना काहीच दिसत नाही. गेल्या महिन्यात वाईहून परतताना शिरवळच्या आसपास त्याची बॅटरी संपली आणि शेवटच्या पन्नास किलोमीटरची नोंद झालीच नाही. नोंद गेल्याचे फारसे दुःख नाही. पण अंधार पडत असताना घरी फोन करता आला नाही, हे मात्र मनाला लागले.

दुसरी गोष्ट सिंहगडाची. आम्ही तिघी एकाच वेळी कोथरूडहून निघालो, गडाच्या वाहनतळापर्यंत गेलो आणि एकत्रच परतलो. एकीच्या घड्याळाने एकूण चढाई ८१० मीटर दाखवली, दुसरीच्या घड्याळाने ८७० आणि माझ्या मोबाइलने १,०४०. रस्ता एकच, गड एकच आणि आकडे तीन, तर खरा कोणता मानायचा?

शिवाय मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी सायकलला हरकत घेतलेली नाही, परंतु चढावर हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवा, असे सांगितले आहे. मनगटावरच्या घड्याळाचा आकडा त्यासाठी पुरेसा विश्वासार्ह असतो का? खर्चाची मर्यादा साधारण पंचवीस हजार रुपये आहे. जाणकारांनी केवळ मॉडेलचे नाव न देता कारणासह सांगावे, ही विनंती.

मागचा दिवा

ताई, तुम्ही कारणे विचारलीत हे बरे झाले, कारण मॉडेलची नावे दर दीड-दोन वर्षांनी बदलतात, कारणे मात्र तीच राहतात. बीआरएम करू लागल्यापासून मी तीन घड्याळे आणि एक सायकल कॉम्प्युटर वापरला आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

घड्याळ हे मुळात शरीराचे यंत्र आहे आणि सायकल कॉम्प्युटर हे रस्त्याचे. घड्याळ दिवसभर हाताला असते, चालणे, झोप आणि विश्रांतीच्या वेळचे ठोके मोजते. परंतु दोन्ही हात हँडलबारवर असताना ते पाहण्यासाठी मनगट वळवावे लागते, आणि उतारावर तसे करणे मुळीच शहाणपणाचे नाही. कॉम्प्युटर डोळ्यांसमोर असतो, त्याचे अक्षर मोठे असते आणि रात्री फाट्यावर डावीकडे वळायचे की सरळ जायचे हे तो स्पष्ट दाखवतो. परंतु सायकलवरून उतरलात की त्याचा उपयोग संपतो. तुम्ही आठवड्यातले चार दिवस टेकडीवर जाता, म्हणून तुमच्या बाबतीत पारडे घड्याळाकडे झुकते. तुम्ही फक्त सायकलच चालवत असतात, तर मी डोळे झाकून कॉम्प्युटर घ्या म्हणालो असतो.

आता ठोक्यांविषयी, कारण तुमच्या प्रश्नातला खरा नाजूक भाग तोच आहे. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेतून प्रकाश सोडतात आणि रक्ताच्या प्रत्येक लहरीबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात होणारा फरक मोजून ठोक्यांचा अंदाज बांधतात. शांत बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज चांगला जमतो. सायकलवर मात्र मनगट मागे वाकलेले असते, मूठ आवळलेली असते, रस्त्याचे हादरे थेट हातात येतात, आणि डिसेंबरच्या पहाटे त्वचेतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. या सगळ्यामुळे आकडा कधी मागे राहतो, तर कधी भलताच उडी मारतो. चढ सुरू झाल्यावर ठोके प्रत्यक्षात १५० झालेले असताना घड्याळ अर्धा-एक मिनिट १२५ वरच रेंगाळते, हे मी स्वतः छातीच्या पट्ट्याशी ताडून अनेकदा पाहिले आहे. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितले असेल, तर मनगटाच्या आकड्यावर विसंबू नये. छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. बांधण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूचे दोन काळे भाग पाण्याने नीट ओले करावेत, नाहीतर पहिली दहा मिनिटे, म्हणजे घाम येईपर्यंत, तोही वेडेवाकडे आकडे देतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. घड्याळ ठोक्यांचे पट्टे, म्हणजे हलक्या ते जोरदार व्यायामाच्या मर्यादा, ठरवते ते बहुधा २२० वजा वय या सूत्रावरून, म्हणजे तुमच्या बाबतीत कमाल १७३. हे सूत्र सरासरीचे आहे; व्यक्तीपरत्वे दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय सायकलवरचा कमाल आकडा धावण्यापेक्षा बहुतेकांच्या बाबतीत थोडा कमीच असतो. त्यातच तुमची गोळी बीटा ब्लॉकर गटातली असेल, तर ती ठोक्यांची कमाल मर्यादाच खाली आणते, आणि मग घड्याळ ज्याला 'हलका व्यायाम' म्हणते तो तुमच्यासाठी भरपूर दमवणारा असू शकतो. गोळी कोणत्या गटातली आहे आणि वरची मर्यादा किती ठेवायची, हे डॉक्टरांना विचारा आणि तोच आकडा घड्याळात हाताने भरा. घड्याळाने स्वतः ठरवलेले पट्टे तुमच्यासाठी निरुपयोगी समजावेत.

खरेदीपूर्वी माहितीपत्रकात तीन गोष्टी पाहाव्यात: वायुदाबमापक, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा सेन्सर, आहे का, बाहेरचे सेन्सर जोडता येतात का आणि कोणत्या पद्धतीने, आणि जीपीएस चालू असताना बॅटरी किती तास चालते. उदाहरणार्थ, गार्मिनच्या फोररनर ५५ मध्ये वायुदाबमापक नाही, २५५ मध्ये आहे. वरवर पाहता दोन्ही सारखीच वाटतात. कोरोसच्या पेस ३ मध्ये वायुदाबमापक आहे आणि घड्याळ वजनाला अगदी हलके आहे, परंतु ते फक्त ब्लूटूथवरचे सेन्सर घेते, अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवरचे नाही. जुना अँट प्लस पट्टा कोणाकडून मिळणार असेल, तर हा फरक महागात पडतो. आजकालचे बहुतेक पट्टे दोन्ही पद्धतींनी चालतात, तेव्हा नवा घेतल्यास अडचण येत नाही.

बॅटरीच्या तासांचा हिशेब मी असा करतो: कंपनीने सांगितलेल्या तासांपैकी दोन तृतीयांश खरे मानायचे, कारण तिच्या चाचणीत पडद्याचा दिवा, नकाशाची रेघ आणि दोन-तीन सेन्सर एकत्र चालू नसतात, आणि दोन वर्षांत बॅटरी स्वतःही म्हातारी होते. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे कागदावर वीस तास हवेत. ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. तिथे पॉवरबँकेशिवाय गत्यंतर नाही. बऱ्याच घड्याळांची चार्जिंगची क्लिप पाठीमागे लागते, त्यामुळे चार्ज करताना ती हाताला बांधता येत नाहीत. मी दहा-पंधरा मिनिटांच्या चहाच्या थांब्यात ते काम उरकतो.

समोच्च

सिंहगडाच्या तीन आकड्यांविषयी लिहितो; माझे काम सर्वेक्षणाचे असल्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. तिन्ही उपकरणांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत, त्यामुळे कोणीही खोटे बोललेले नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ते सगळे आपल्या डोक्यावरच्या बाजूलाच असतात, पायाखालच्या बाजूला एकही नसतो. त्यामुळे आडव्या दिशेतील स्थान जितके चांगले कळते, तितकी उंची कधीच कळत नाही. मोकळ्या आकाशाखाली आडवी चूक तीन ते पाच मीटरची असेल, तर उभी चूक तिच्या दीडपट-दुप्पट असते. एकूण चढाई म्हणजे प्रत्येक चढउतारातील चढांची बेरीज असल्यामुळे हे वरखाली होणारे आकडे जसेच्या तसे मोजले, तर सपाट रस्त्यावरही डोंगर उभा राहतो. म्हणून ज्या उपकरणात वायुदाबमापक नाही, त्याची उंची अ‍ॅप सहसा बाजूला ठेवते आणि तुमचा मार्ग नकाशावर मांडून त्या ठिकाणची जमिनीची उंची वापरते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी स्पेस शटलने रडारने केलेल्या पाहणीतून जमिनीच्या उंचीची जी माहिती मिळाली, ती अशा नकाशांचा एक मोठा आधार आहे, आणि तिच्यातला एकेक चौकोन साधारण तीस मीटरचा आहे.

सपाट प्रदेशात हे उत्तम चालते. घाटात मात्र रस्ता कड्याच्या अंगाला चिकटून जातो, आणि जीपीएसचे स्थान दहा मीटर बाजूला सरकले की नकाशा तुम्हाला कधी दरडीच्या माथ्यावर, तर कधी दरीत नेऊन ठेवतो. पुढच्या वळणावर तो तुम्हाला परत रस्त्यावर आणतो, आणि प्रत्येक वेळी काही मीटर 'चढाई' तुमच्या खात्यावर जमा होते. तुमचा १,०४० हा आकडा बहुधा असाच फुगलेला आहे.

मैत्रिणींच्या घड्याळांत वायुदाबमापक असावेत, असे दोन्ही आकड्यांच्या जवळिकीवरून वाटते. आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढल्यावर हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, आणि हा फरक घड्याळातला छोटा सेन्सर चांगला ओळखतो. मग ८१० आणि ८७० हा फरक का? एक तर बारीकसारीक चढउतार किती मीटरपर्यंत दुर्लक्षित करायचे, याचा प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. दुसरे म्हणजे सेन्सरचे छिद्र घड्याळाच्या कडेला असते. ते जाकिटाच्या बाहीखाली गेले, घामाने किंवा पावसाने बुजले किंवा उतारावर वारा थेट त्यावर आला, तर दाब बदलतो आणि उंची काही मीटर हलते. नुसत्या साठ मीटरांसाठी मैत्रिणींशी वाद घालू नये, एवढेच म्हणेन.

वायुदाबमापकाची खरी खोड वेगळीच आहे. हवेचा दाब दिवसभर स्थिर नसतो. आपल्या अक्षांशांवर तो सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो, आणि हवा स्वच्छ असली तरी हा फरक तीनेक हेक्टोपास्कलचा होतो. म्हणजे सकाळी दहाला घराबाहेर पडलेली सायकल दुपारी चारला त्याच दारात परत आली, तर घड्याळाच्या मते घर पंचवीस-तीस मीटर उंच झालेले असते. पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला तर विचारूच नका. यावर उपाय असा, की निघण्यापूर्वी ज्ञात उंचीच्या ठिकाणी घड्याळाची उंची जुळवून घ्यावी. ती उंची कुठून आणायची, असा प्रश्न पडेल; तर आपल्याकडे प्रत्येक रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. एकदा पुणे स्थानकावर घड्याळ जुळवून लगेच घरी जावे, घरच्या दारात दिसणारी उंची टिपून ठेवावी आणि यापुढे प्रत्येक वेळी तोच आकडा भरावा.

घड्याळाविना

सर्वांच्या माहितीचा आदर राखून वेगळे मत मांडतो. पहिल्या २०० साठी पंचवीस हजारांची गरज नाही. ४०० पर्यंतच्या माझ्या सर्व बीआरएम मी हँडलबारवरच्या वायर असलेल्या साध्या स्पीडोमीटरवर केल्या आहेत. त्याला चाकाचे फेरे मोजता येतात आणि त्याची बटन सेल एक-दीड वर्ष टिकते. मार्गाची वळणे मी कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालतो आणि हँडलबारच्या दांड्याला (स्टेमला) रबराने बांधतो. मोबाइल बंद पडला ही अडचण घड्याळाने सुटणार नाही, ती पॉवरबँकेने सुटेल. कारण घरी फोन करायचा तो मोबाइलवरूनच.

चढावर किती जोर लावायचा हे कळण्यासाठी शेजारच्या सायकलस्वाराशी बोलून पाहावे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे; दोन-तीन शब्दांवर धाप लागत असेल, तर गिअर हलका करावा. वैद्यकीय कारण असेल तर पट्टा जरूर घ्यावा, पण तो मोबाइललाही जोडता येतो.

मागचा दिवा

मोबाइल आणि पॉवरबँकेविषयी तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि बोलण्याची कसोटीही चांगलीच आहे. किंबहुना घड्याळाचा आकडा आणि ही कसोटी यांच्यात मेळ नसेल, तर कसोटीवरच विश्वास ठेवावा. तरीही खिशातल्या मोबाइलचा आकडा चढावर दिसत नाही, आणि ताईंना तो चढावरच पाहायचा आहे. मोबाइल हँडलबारवर लावला तर उन्हात पडदा सतत पूर्ण उजेडात ठेवावा लागतो, यंत्र तापते आणि बॅटरी दुपारपर्यंतच मान टाकते.

चिखलपट्टी

मी मडगावची. टेकडीवालीताई, पावसात सायकल चालवणार असाल, तर बटणे असलेलेच घड्याळ घ्यावे. माझे पहिले घड्याळ संपूर्ण स्पर्शपडद्याचे होते. जुलैत एका सकाळी पावसाचे थेंब त्याच्या पडद्यावर बोटे फिरवल्यासारखे घसरत गेले. घड्याळाने नोंद थांबवली, जतन केली आणि नंतर संगीत सुरू केले. मला हे पंधरा किलोमीटरनंतर कळले. आता स्पर्शपडदा असला तरी तो नोंद चालू असताना बंद करण्याची सोय आहे का, हे मी आधी पाहते. मोजे घातलेल्या हातालाही बटणच बरे पडते.

पडद्याच्या प्रकाराकडेही लक्ष द्यावे. दुकानात चकचकीत अमोलेड पडदा मन मोहून घेतो, पण भर दुपारी उन्हाच्या उजेडातच वाचता येणारे, थोडे फिके दिसणारे पडदे मला रस्त्यावर अधिक कामाचे वाटतात आणि ते बॅटरीही कमी खातात. घरी आल्यावर घड्याळ आणि पट्टा साध्या पाण्याने धुवून, पूर्ण कोरडे करूनच चार्जिंगला लावावे. किनाऱ्यावरच्या घामट हवेत चार्जिंगचे पितळी ठिपके हिरवे पडायला वेळ लागत नाही.

एक सूचना केवळ बाईमाणूस म्हणून करते. अ‍ॅपमध्ये घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावाच्या जागतिक नकाशावर परदेशातील लष्करी तळांच्या आतले धावण्याचे रस्ते उजळलेले दिसल्याची बातमी आली होती. सैनिकांचे जिथे लपले नाही, तिथे रोज पहाटे साडेपाचला एकाच फाटकातून निघणाऱ्या बाईचे काय लपणार?

टेकडीवाली

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांना विचारले, गोळी बीटा ब्लॉकर गटातलीच निघाली आणि त्यांनी चढावर १३५ ची मर्यादा सांगितली आहे. त्यामुळे पट्टा घेणे नक्की झाले. घड्याळ वायुदाबमापक आणि बटणे असलेलेच घेते आहे. आता दोन शंका उरल्या. हे घड्याळ हँडलबारवर बांधता येईल का? आणि बीआरएमच्या दिवशी त्यात नेमके काय चालू आणि काय बंद ठेवावे? वेगासाठी चाकावरचा सेन्सर घेणे आवश्यक आहे का?

मागचा दिवा

छातीचा पट्टा घेतल्यावर घड्याळ हँडलबारवर बांधण्यात काहीच अडचण नाही, उलट तेच सोयीचे. त्यासाठी जाड रबराचा किंवा फोमचा गोल मिळतो. तो हँडलबारवर चढवून त्याभोवती घड्याळाचा पट्टा मनगटासारखाच बांधायचा. मात्र त्या वेळी मनगटी ठोक्यांचा सेन्सर बंद करावा, नाहीतर हिरवे दिवे फोमचे ठोके मोजत बसतात, आणि काही घड्याळे तर खरोखरच आकडा दाखवतात.

चाकावरचा सेन्सर आवश्यक नाही, पण तो घेतल्याचा पश्चात्ताप झालेला सायकलस्वार मला अजून भेटलेला नाही. तो मागच्या किंवा पुढच्या चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबवर, रबराने बसतो आणि चाकाचे फेरे मोजतो. कात्रजच्या जुन्या बोगद्यात किंवा दाट झाडीत उपग्रहांचा संपर्क तुटला, तरी वेग आणि अंतर चालू राहते. एरवी बोगद्यात शिरताना आणि बाहेर पडताना घड्याळ दोन टोके सरळ रेषेने जोडते आणि वेगाचा काटा काही क्षण शून्यावर बसतो. फक्त चाकाचा परीघ नीट भरावा लागतो. तुमच्या ७०० गुणिले ३२ टायरसाठी तक्त्यांत तो २,१५५ मिलिमीटर दिलेला असतो. घड्याळात आधीपासून २५ मापाच्या टायरचा २,१०५ भरलेला असेल आणि तुम्ही तो तसाच ठेवलात, तर २०० किलोमीटरमध्ये जवळपास साडेचार किलोमीटर कमी दिसतील, आणि बीआरएममध्ये एवढ्या फरकाने फाटा चुकतो. तक्त्यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे टायरमध्ये नेहमीची हवा भरून, व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूने खूण करायची, स्वतः सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यायचा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजायचे. बसूनच मोजावे, कारण आपल्या वजनाने टायर दबतो.

आता त्या दिवसाच्या मांडणीविषयी. सर्वांत आधी 'ऑटो पॉज' बंद करा. थांबल्यावर घड्याळ आपोआप थांबणे सरावात छान वाटते. बीआरएममध्ये मात्र चहा, पंक्चर, कंट्रोलवरचा (वाटेतल्या तपासणी थांब्यावरचा) शिक्का, झाडाखालची झोप, सगळे त्याच साडेतेरा तासांत धरले जाते. माझ्या पहिल्या ३०० मध्ये मी दिवसभर सरासरी २१ पाहून निश्चिंत होतो. ती सरासरी फक्त चालत्या चाकाची होती, आणि तिसऱ्या कंट्रोलवर पोहोचलो तेव्हा दार बंद व्हायला अकरा मिनिटे उरली होती. शिवाय खड्या चढावर वेग ताशी पाच-सहा किलोमीटरवर आला, की काही घड्याळांना तुम्ही थांबलात असेच वाटते आणि ती घाटाच्या मध्यावर चालू-बंद होत राहतात.

पडद्यावर तीनच आकडे ठेवा: निघाल्यापासूनचा एकूण वेळ, अंतर आणि ठोके. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे ताशी पंधराच्या किंचित खाली, त्यामुळे हिशेब डोक्यातच होतो: झालेल्या किलोमीटरला पंधराने भागले की मुदतीचे तास मिळतात, आणि ते एकूण वेळेपेक्षा जितके जास्त तितकी शिल्लक. ९० किलोमीटरला सहा तास होतात. तुम्ही पाच तासांत पोहोचला असाल, तर एक तास गाठीशी आहे. वेगाचा आकडा मी मुद्दाम पडद्यावर ठेवत नाही, कारण तो पाहून माणूस उगाच जोर लावतो. ठोक्यांसाठी १३५ च्या थोडा अलीकडे, म्हणजे १३० वर, घड्याळाचा इशारा लावा. तो वाजला की गिअर उतरवायला आणि श्वास जुळवायला वेळ मिळतो. चक्कर, छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप वाटली, तर आकडा काहीही असो, लगेच थांबा.

नोंद दर सेकंदाला होईल अशी ठेवा. बॅटरी वाचवणाऱ्या 'स्मार्ट' नोंदीत घड्याळ काही ठराविक बिंदूच साठवते, आणि घाटातल्या हेअरपिन वळणांवर ते वळण कापून सरळ रेघ मारते. पसरणीसारख्या घाटात याने अंतर हमखास कमी भरते. उपग्रहांच्या संकेतांच्या दोन वारंवारतांची, म्हणजे एल१ आणि एल५ दोन्ही वापरणारी सोय घड्याळात असेल, तर ती उंच इमारतींमध्ये आणि कड्यांच्या सावलीत उपयोगी पडते, पण बॅटरी झपाट्याने खाते. ताशी पंचवीसच्या वेगाने सायकल सेकंदाला सात मीटर पुढे जाते, त्यामुळे मोकळ्या महामार्गावर दोन-चार मीटरच्या सुधारणेने काहीही बिघडत किंवा सुधारत नाही.

आदल्या रात्री घड्याळ मोबाइलला जोडून ताजी माहिती उतरवून घ्या. त्यात उपग्रहांची पुढच्या काही दिवसांची स्थिती असते आणि सकाळी घड्याळाला आपले स्थान काही सेकंदांत सापडते. ही माहिती नसेल, तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि उपग्रह ती इतकी सावकाश सांगतो, की त्याच्या स्वतःच्या कक्षेच्या माहितीलाच अर्धे मिनिट लागते. त्या वेळात सायकल हलली किंवा झाडाखाली उभी असली, तर मिनिटे जातात. मोकळ्या जागी उभे राहून स्थान सापडल्याची खूण आल्यावरच सुरू करा.

टेकडीवाली

घड्याळ, पट्टा आणि चाकाचा सेन्सर, तिन्ही आले. खर्च मर्यादेच्या अडीच हजार पुढे गेला, त्याची घरी अजून वाच्यता केलेली नाही. खडूने मोजलेला चाकाचा परीघ २,१४८ मिलिमीटर भरला. पुणे स्थानकाच्या फलकाशी उंची जुळवून आले. फलकासमोर घड्याळ धरून उभी असलेली बाई पाहून दोन हमालांनी गाडीला उशीर आहे का, अशी चौकशी केली.

काल सरावासाठी ताम्हिणीच्या बाजूला जाऊन आले, एकूण शंभरेक किलोमीटर. मुळशीच्या पुढच्या चढावर इशारा चार वेळा वाजला आणि चारही वेळा मी गिअर उतरवला. एरवी मैत्रिणींच्या मागे राहू नये म्हणून मी तसा तो उतरवत नाही. त्या दोघी वर माझी वाट पाहत सात मिनिटे थांबल्या होत्या. परतीच्या वाटेवर मात्र मी त्यांच्या पुढे होते.

सकाळी सातला दारातून निघताना उंची जुळवली होती. दुपारी साडेतीनला त्याच दारात परतले, तेव्हा घर सतरा मीटरने उंच झालेले होते.